विकत घेतलेलं भाऊपण : एका पाटील घराण्याच्या वंशावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाई प्रांतातलं, कृष्णेपासून फार लांब नसलेलं एक गाव. पाटलांची घरं दोन आळ्यांत विभागलेली. वरची आळी म्हणजे थोरली पाती, खालची आळी म्हणजे धाकटी पाती. दोन्हीकडचे लोक आज ‘पाटील’ हेच आडनाव लावतात आणि ग्रामदेवतेच्या पालखीला दोघांचाही खांदा लागतो. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं : दोघे सख्खे भाऊ होते, त्यांचा हा विस्तार.

माझ्याकडे आले ते खालच्या आळीतले एक गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. मी त्यांना काका म्हणू लागले, ते मला ताई. मी मोडी कागद वाचण्याचं काम करते. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांकडे माणसांची रीघ लागली आहे, पण काकांना दाखला नको होता. त्यांना घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा होता. अक्षय्य तृतीयेला कुलसंमेलन ठरलं होतं आणि हातात नऊ महिने होते.

त्यांनी तीन गोष्टी आणल्या. पहिली, दिवाणखान्यात लावलेल्या चौकटीतल्या वंशवृक्षाचा फोटो. १९४०च्या आसपास कुणा चित्रकाराकडून रंगवून घेतलेलं हे झाड, मुळाशी सूर्य-चंद्र आणि देवगिरीच्या यादवांचं नाव. दुसरी, १८५६मध्ये इनामाच्या चौकशीत दिलेल्या कैफियतीची, म्हणजे लेखी जबानीची नक्कल, तिच्यासोबत हाताने काढलेली वंशावळ. तिसरी, लाल खारव्याच्या रुमालात बांधलेलं दप्तर. मोजले तर ४३ कागद भरले. त्यातले चार पुतण्याने हौसेने लॅमिनेट करून घेतले होते. प्लॅस्टिकच्या आत शाई पसरून तपकिरी झाली होती आणि आता ते प्लॅस्टिक काढायचं तर कागदच जाण्याची भीती होती. त्या पोराचा हेतू चांगला होता, म्हणून तिथे मी गप्प बसले. पण घरात जुने कागद असतील त्यांनी एवढं ऐकाच : लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, खळ नको. सुती कापडात सैल बांधा आणि कोरड्या जागी ठेवा.

अडचण काय होती

रंगवलेल्या झाडावर यादवांपासून पाटिलकी मिळवणाऱ्या मूळ पुरुषापर्यंत पाच नावं होती. यादवांची सत्ता १३१८च्या सुमारास संपली. दप्तरातला सर्वांत जुना कागद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दिसत होता. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं आणि पाच पिढ्या. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरतात. इथे ती ५० वर्षांच्या पुढे जात होती. एखादी पिढी लांबते, सलग पाच लांबत नाहीत. झाडाचा वरचा भाग डोळे मिटून मान्य करता येणार नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झालं.

हा काही आपल्याकडचाच प्रकार नव्हे. इंग्लंडमध्ये १५३०पासून १६८८पर्यंत राजाचे हेराल्ड परगण्यांमधून फिरत. कुठल्या घराण्याला ढालीवर कुलचिन्ह मिरवायचा अधिकार आहे ते तपासत आणि त्यांच्या वंशावळी उतरवून घेत. त्या वंशावळी आज मोठा आधार आहेत, पण पुष्कळदा घरच्यांनी सांगितलं तेच त्यांत उतरलं आहे. प्रिन्सेस डायनाचं माहेर, आल्थॉर्पचे स्पेन्सर, हे ठळक उदाहरण. मेंढपाळीतून श्रीमंत झालेल्या जॉन स्पेन्सरला १५०४मध्ये नवं कुलचिन्ह मिळालं आणि १५०८मध्ये त्याने आल्थॉर्प विकत घेतलं. पुढे १५९५च्या सुमारास रिचर्ड ली या हेराल्डने त्यांचा वंश मध्ययुगातल्या डिस्पेन्सर या बड्या सरदारांशी जोडून दिला आणि ढालीवरचं चिन्हही त्या सरदारांच्या चिन्हासारखं झालं. ही जोडणी कागदावर टिकत नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन होरेस राउंड या अभ्यासकाने दाखवून दिलं. त्याने काय केलं? वंशावळ बाजूला ठेवली आणि जमिनीचे दस्त वाचले.

मीही तेच करायचं ठरवलं. वंशावळ हा त्या त्या वेळी केलेला दावा असतो. खरेदीखत, वाटणीपत्र, जामीनखत हे कागद वंश सांगण्यासाठी लिहिलेले नसतात. त्यांत बापाचं नाव येतं ते व्यवहाराच्या गरजेपोटी, म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

कोणते मार्ग होते

काकांसमोर मी तीन मार्ग ठेवले. पहिला सोपा : झाड आहे तसं छापायचं आणि खाली ‘परंपरेनुसार’ असा शब्द टाकायचा. संमेलनाला शोभा येईल, कुणी दुखावणार नाही. दुसरा : फक्त दप्तरातून सिद्ध होईल तेवढंच छापायचं, वरचं सगळं गाळायचं. तिसरा : दप्तराबाहेर जाऊन पुण्याचं पेशवे दप्तर, तहसीलमधल्या नोंदी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहायच्या आणि मग ठरवायचं. याला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार होते.

काका म्हणाले, “ताई, माझी नातवंडं अमेरिकेत आहेत. त्यांनी उद्या विचारलं, आजोबा हे कशावरून, तर मला सांगता आलं पाहिजे.” तिसरा मार्ग ठरला. संमेलनापर्यंत जेवढं होईल तेवढं छापायचं आणि न झालेलं कोरं सोडायचं, अशी अट मी घातली. ती त्यांनी मनापासून मान्य केली.

खालून वर

सुरुवात आजच्या माणसापासून केली. सातबारा, फेरफार, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत साखळी विनासायास जुळली. त्याआधी १८५६ची कैफियत होती. तिथून मागे दप्तरातले कागद.

अठराव्या शतकात एक अडथळा आला आणि तो मराठी घराण्यांत हमखास येतो. नातवाला आजोबाचं नाव. मालोजी बिन बाबाजी, बाबाजी बिन मालोजी, पुन्हा मालोजी बिन बाबाजी अशी ही माळ चालते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. एकाच नावाचे तीन पुरुष शंभर वर्षांत होऊन जातात आणि एका कागदातला माणूस दुसऱ्या कागदात तोच की त्याचा नातू, हे वर्ष नक्की केल्याशिवाय कळत नाही. झाड काढणारा बहुतेक वेळा दोघांचा एक करतो, नाहीतर एकाचे दोन. दुसरी चूक माझ्या हातून झाली, ती पुढे सांगते.

या टप्प्यावर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीचा फार उपयोग झाला. यात्रेला गेलेला माणूस आपल्या उपाध्यायाच्या वहीत गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे अशी नावं लिहून देतो. खालच्या आळीच्या चार पिढ्या तिथे सापडल्या, भावांसकट. त्या भावांत वरच्या आळीचं एकही नाव नव्हतं. चुलते-चुलतभाऊ दूरचे झाले की लोक नावं सांगत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं.

एक अक्षर, तीस वर्षं

दप्तरातला सर्वांत जुना कागद तीन बंदांचा होता. म्हणजे तीन तुकडे एकाखाली एक चिकटवलेला लांब कागद. वरचा बंद मधोमध घडी पडून चिकटला होता. उरलेलं वाचता येत होतं. निम्मी मोकदमी, म्हणजे अर्धी पाटिलकी विकल्याचं ते खत होतं. शेवटी सुहूर सन होता, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या एका कालगणनेतलं वर्ष.

सुहूर सन आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि एकक आधी. खमस म्हणजे पाच, सितैन म्हणजे साठ, तिसैन म्हणजे नव्वद, तिसा मया म्हणजे नऊशे. वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पुढे ६००. मी वाचलं ‘खमस सितैन तिसा मया’, म्हणजे ९६५, म्हणजे इसवी सन १५६४-६५.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात, हात न उचलता ओळ चालते. त्या शब्दाची पहिली दोन अक्षरं कसरीने खाल्ली होती. ‘सितैन’ की ‘तिसैन’, एवढाच प्रश्न होता. त आणि स यांची जागा बदलली की तीस वर्षं इकडची तिकडे होतात, म्हणजे नेमकी एक पिढी.

पुढचा कागद होता वाटणीपत्राचा. त्याचा सन ‘समान सलासीन अलफ’, स्वच्छ वाचता येणारा. १०३८, म्हणजे १६३७-३८. दोन भाऊ वाटणी करून घेतात आणि बाप म्हणून खरेदीदाराचंच नाव देतात. १५६४च्या खरेदीदाराचे मुलगे ७३ वर्षांनी वाटणी करतील हे शक्य वाटेना. मग मी सवयीने नेहमीचा नियम लावला : हा बाप म्हणजे खरेदीदाराचा त्याच नावाचा नातू असणार. मध्ये एक अज्ञात मुलगा धरला. साखळी सुरेख जुळली. मी तात्पुरता तक्ता काढून काकांना पाठवला. घराणं मी तीस वर्षं जुनं केलं होतं आणि दोन पिढ्याही वाढवल्या होत्या. तक्ता त्याच रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला.

तीन आठवड्यांनी कागद जतन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने वरचा बंद दमट सोख्यात ठेवून तासातासाने हलकेच उलगडला. घडीच्या आत शक होता. आकडे गेलेले, पण पुढचे शब्द शाबूत : ‘जयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष’. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं. शकात बारा मिळवून साठने भागलं की उरलेल्या संख्येवरून संवत्सर मिळतं. १५६४ला शके १४८६ येतो, त्याचं संवत्सर रक्ताक्षी. तीस वर्षं पुढे शके १५१६, संवत्सर अठ्ठाविसावं, जय. म्हणजे शब्द ‘तिसैन’ होता. खत १५९४च्या हिवाळ्यातलं, विजापुरात दुसरा इब्राहीम आदिलशहा गादीवर असतानाचं. १५९४ ते १६३७ हे अंतर बाप आणि मुलांमध्ये सहज बसतं. मी मध्ये घातलेली दोन माणसं कधी जन्मलीच नव्हती.

मी त्याच दिवशी काकांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरं झालं, छापायच्या आधी कळलं.” ग्रुपवर मात्र जुना तक्ता पुढे पाठवला जात राहिला. आजही कुणाच्या तरी फोनमध्ये ती दोन माणसं असणार.

‘भाऊ’ या शब्दाचा अर्थ

या खतातला मुख्य मजकूर आता सांगते, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर फिरलं.

विकणारा आहे गावचा मूळ पाटील. दिवाणचा पैका, म्हणजे सरकारी देणं थकलं आहे, दुसरी वाट उरलेली नाही. विकत घेणारा दुसऱ्या गावाहून आलेला, वेगळ्या आडनावाचा. तो होन मोजतो आणि निम्मी पाटिलकी घेतो. निम्म्या पाटिलकीत काय काय येतं त्याची यादी आहे : इनाम जमिनीचा हिस्सा, हक्क-लाजिमा म्हणजे पाटलाला मिळणारी ठरलेली येणी, गावातल्या मानपानाची वाटणी. आणि मग येतं ते वाक्य, ज्यात विकणारा म्हणतो की तुम्ही आजपासून आमचे भाऊ झालात, वडीलपण आमचं, धाकुटपण तुमचं. लेकुराचे लेकुरी, अवलाद अफलाद हे असंच चालवावं.

वतन हा विकायचा माल नव्हता. तो घराण्याचा भाग होता, गोताच्या, म्हणजे गावच्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेच्या साक्षीने चालणारा. परका माणूस पाटलाच्या गादीला गादी लावून बसायचा, तर त्याला आधी भाऊ व्हावं लागे. छापील साधनांत निम्म्या पाटिलकीची अशी खतं वाचायला मिळतात. थोरली पाती, धाकटी पाती या शब्दांची मुळं इथे होती. वडीलपण-धाकुटपण खरेदीखतातलं होतं.

मग १८५६ची कैफियत पुन्हा काढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८५२च्या ११व्या कायद्याने इनामांची चौकशी हाती घेतली होती. जमीन किती वर्षं आणि कुणाच्या वंशात चालत आली, यावर ती पुढे चालणार की खालसा होणार हे ठरत असे. दोन्ही आळ्यांनी मिळून एकच कैफियत दिली होती. तिच्यातल्या वंशावळीत एक मूळ पुरुष, त्याला दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. खतातला ‘भाऊ’ इथे एका बापाचा मुलगा झाला होता.

त्यांनी मुद्दाम खोटं लिहिलं का? मला तसं वाटत नाही. २६० वर्षं एकमेकांना भाऊ म्हणत आलेली ही घरं होती. लिहून देणाऱ्याच्या आजोबालाही बहुधा दुसरं काही ठाऊक नसेल. आणि इंग्रज साहेबाला ‘भाऊ करून घेतलेला भाऊ’ समजावून सांगणार तरी कसा? त्याच्या तक्त्यात तशी रेघच नव्हती. १९४०च्या चित्रकाराने १८५६चा तक्ता उचलला आणि त्याच्या मुळाशी यादव बसवले.

आक्कांचं एक वाक्य

एका खतावरून दोन आळ्यांचं रक्ताचं नातं नाकारायची माझी तयारी नव्हती. विकणारा आणि घेणारा दूरचे भाऊबंदही असू शकतात. आडनाव हा कच्चा पुरावा, कारण त्या काळी ते गावागणिक बदलत असे.

काकांबरोबर मी गावी गेले. त्यांच्या चुलतीला, नव्वदीच्या आक्कांना, भेटायचं होतं. आक्का सोप्यात घोंगडीवर बसून शेंगा फोडत होत्या. खताबद्दल मी काहीच बोलले नाही. सहज विचारलं, वरच्या आळीत कुणी गेलं तर तुम्ही काय पाळता? त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मयताला जातो की. भाकरी नेतो. पण सुतक न्हाई धरत आपण त्येंचं. माझ्या सासूनं लग्न झाल्या झाल्या सांगितलं हुतं.”

काका माझ्याकडे बघत राहिले. सत्तर वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं. सुतक धरायचं की नाही हे घरातल्या बायका ठरवत आणि पुरुष आंघोळ कर म्हटलं की करत. भाऊबंद असते तर सुतक लागलं असतं. जुन्या भांडणानेही सुतक तुटतं, म्हणून मी देवक विचारलं. लग्नात खालच्या आळीचं पंचपालवी. वरच्या आळीचं? आक्का म्हणाल्या, कळंब. एका कुळाचं देवक एकच असतं.

शेवटची गाठ दप्तरातच निघाली. मी लग्नखर्चाची एक याद बाजूला ठेवली होती, तांदूळ-गूळ-पागोट्यांची यादी म्हणून. सन ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७१, इसवी १७७०-७१. पुन्हा वाचली. खालच्या आळीच्या मुलीचं लग्न, आणि व्याह्यांना दिलेल्या पागोट्यांत वरच्या आळीच्या पाटलाचं नाव. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. त्या लग्नाला बसलेल्या दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होतं की आपण भाऊ आहोत आणि तरीही आपल्यात लग्न लागतं. हे शहाणपण १७७०पर्यंत शाबूत होतं. ते पुढच्या ८५ वर्षांत कुठेतरी हरवलं.

यादवांबद्दल काहीही मिळालं नाही. पेशवे दप्तरात वाई प्रांताचे रुमाल पाहण्यात आठ दिवस गेले. तिथे पाटिलकीच्या एका तंट्याचा महजर, म्हणजे गोताने दिलेला निवाडा मिळाला, १७४०च्या दशकातला. खाली गोताच्या निशाण्या. शेटे-महाजनांचा तराजू, बलुतेदारांच्या हत्यारांची चित्रं आणि सर्वांच्या वर दोन नांगर. पहिला जाड बोरूने काढलेला, फाळ नीट दिसणारा. दुसरा बोटभर खाली, किंचित लहान. इंग्रज सरदाराला ढाल असते, आपल्या पाटलाला नांगर होता, आणि खतात ठरलेलं वडीलपण-धाकुटपण दीडशे वर्षांनी त्या दोन नांगरांच्या उंचीत तसंच होतं. मी तो कागद बराच वेळ समोर ठेवून बसले होते.

काय छापलं

घरच्या बैठकीत जोरात वाद झाला. एका पुतण्याचं म्हणणं, आपण मूळचे पाटील नाही हे स्वतःच कशाला छापायचं? दुसऱ्याला पालखीच्या मानाची आणि देवस्थानच्या जमिनीची काळजी. काका शांतपणे म्हणाले, “आपल्या माणसाने पैसे मोजून, गोतासमोर, देवाच्या पायरीवर हे घेतलंय. चोरलेलं नाही.” मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटली की १५९४चं, साक्षीदारांसकट असलेलं स्वतःच्या घराण्याचं खत फार थोड्या शेतकरी घरांकडे आहे. यादवांचं नाव मात्र कुणालाही रंगवून घेता येतं.

शेवटी असं ठरलं. छापील वंशवृक्ष १५९४च्या खरेदीदारापासून सुरू झाला. पुराव्याने जोडलेली नावं सलग रेघेने, अंदाजाची तुटक रेघेने. दत्तक गेलेले आणि आलेले वेगळ्या खुणेने. वरची आळी शेजारी, स्वतंत्र झाड म्हणून, आणि दोन मूळ पुरुषांमध्ये एक आडवी दुहेरी रेघ; तिच्यावर ‘खताने भाऊ’ हे दोन शब्द. रंगवलेल्या झाडाचा फोटो पुस्तकाच्या शेवटी, ते कधी आणि कशाच्या आधारे काढलं त्या माहितीसह. चौकट दिवाणखान्यात आहे तिथेच आहे. ती उतरवावी असं मला कधीच वाटलं नाही.

खरेदीदाराचं आधीचं गाव खतात आहे, पण तिथे जायला वेळ उरला नाही. त्या जागी पुस्तकात अर्धं पान कोरं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आक्कांकडे मी पाचव्या महिन्यात गेले. पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं. सुतक, देवक, कुलस्वामी, कुणाच्या घरात मुलगी देत नाहीत, हे प्रश्न कागद उघडायच्या आधी विचारायचे असतात आणि ते घरातल्या वयस्क बायकांना विचारायचे असतात. त्र्यंबकच्या वहीत जे खटकलं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हाच लागला असता.

अर्धवट उलगडलेल्या कागदावरून सन ठरवायला नको होता. निदान ‘९६५ किंवा ९९५’ असं दोन्ही लिहायला हवं होतं. मी एकच निवडला, आणि आता मागे वळून पाहताना कबूल करायला हवं की जुनं वर्ष निवडताना मला आनंद झाला होता. सुहूर सनाचा शब्द जिथे खाल्लेला किंवा पुसलेला असेल, तिथे शक, संवत्सर, तिथी किंवा कागदातल्या अंमलदाराचं नाव यांपैकी दुसरा एक तरी आधार मिळेपर्यंत मी आता तक्ताच काढत नाही.

सर्वांत मोठी चूक वरच्या आळीच्या बाबतीत झाली. हे खत त्यांच्याही घराण्याचं होतं. त्यांच्या पूर्वजाने अडचणीत सापडून अर्धी पाटिलकी विकली, ही त्यांच्या घरातली गोष्ट. ती त्यांना आमच्याकडून आधी कळायला हवी होती. कळली व्हॉट्सअ‍ॅपवरून, ‘वरची आळी आपली भाऊबंद नाही’ अशा एका ओळीत. महिनाभर दोन आळ्यांत बोलणं बंद होतं. संमेलनाच्या पत्रिका वरच्या आळीत कुणी घेतल्या, कुणी घेतल्या नाहीत.

पुढे काय झालं

काका आणि मी वरच्या आळीतल्या सगळ्यांत वडील माणसाकडे, आबांकडे, गेलो. माफी मागितली. आबांनी चहा दिला आणि म्हणाले, काय लिहिलंय ते वाचून दाखवा, पहिल्यापासून. मी खताची प्रत मांडीवर घेऊन सावकाश वाचत गेले, अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगत. देण्याची थकबाकी आली तेव्हा ते खाली बघत होते. मग मानपानाची यादी आली. होळीची पोळी आधी विकणाऱ्याची, मग घेणाऱ्याची. दसऱ्याला तसंच. बेंदराला वडिलांचा बैल पुढे, धाकट्याचा त्याच्या मागून.

आबांनी हात वर करून मला थांबवलं. “बेंदराचं परत वाचा.”

मी परत वाचलं. ते उठून ओसरीवर गेले आणि अंगणात उभ्या असलेल्या नातवाला हाक मारून म्हणाले, यंदा आपला बैल वेशीत किती वेळ उभा होता? पोरगा म्हणाला, खालच्या आळीचा मागं येऊन लागेपर्यंत, आबा. दर वर्षी असंच असतं की.